पाड्यावरच्या अंगणवाडीपासून विधानभवनापर्यंत: बालआरोग्याच्या धोरणासाठी पाठपुरावा कसा सुरू करावा

आमच्या तालुक्यातील एका पाड्यावर सहा वर्षांखालील ४७ मुले होती आणि त्यांची अंगणवाडी नाल्यापलीकडे अडीच किलोमीटरवर होती. मृग लागला की नाला भरायचा आणि पोळ्यापर्यंत पाड्यावरचे एकही मूल अंगणवाडीत पोहोचायचे नाही. घरातले धान्य संपत आलेले असते आणि जुलाब-तापाची साथ असते, नेमक्या त्याच महिन्यांत त्यांचा गरम आहारही बंद आणि वजन घेणेही बंद. याविषयीचा पहिला अर्ज मी प्राथमिक आरोग्य केंद्रात दिला, कारण प्रश्न आरोग्याचा आहे असे मी धरून चालले होते. चार महिन्यांनी तोंडी उत्तर मिळाले की अंगणवाडीचा विषय त्यांच्याकडे येत नाही. तोवर पावसाळा संपला होता आणि दिवाळीनंतर पाड्यावरची निम्मी घरे वीटभट्टीवर निघून गेली होती.

असे चार महिने आणखी कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे. धोरणासाठी काम करायचे म्हणजे थेट मंत्रालय गाठायचे, असा बहुतेकांचा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. मुलांच्या आरोग्यासाठी महाराष्ट्रात कागदावर नियम पुष्कळ आहेत. पहिले काम असते ते लिहिलेला नियम आपल्या गावाला लागू करून घेण्याचे, आणि दुसरे काम असते तो लागू करताना जिथे गाडे अडते ती जागा पुराव्यासह वरच्या पातळीवर दाखवण्याचे. नवे धोरण निघते ते या दुसऱ्या कामातून, आणि पहिले काम मनापासून केलेल्या माणसाचेच तिथे ऐकून घेतले जाते.

१. मागणी एकच ठेवा, आणि ती सही करता येईल अशी ठेवा

"कुपोषण थांबवा" ही तळमळ आहे, मागणी नव्हे. कारण त्या कागदावर सही करून कुपोषण थांबवू शकेल असा एकही अधिकारी अस्तित्वात नाही. "अमुक पाड्यावर सहा वर्षांखालील ४७ मुले असून सर्वांत जवळची अंगणवाडी अडीच किलोमीटरवर आहे, सबब येथे स्वतंत्र अंगणवाडी मंजूर करावी व मंजुरी मिळेपर्यंत सेविकेच्या आठवड्यातून दोन भेटी पाड्यावर ठरवून द्याव्यात" ही मागणी आहे. ती वाचून कुणी काय करायचे हे कळते, आणि ते झाले की नाही हेही तपासता येते.

मागणी लिहिताना तिच्यात दोन टप्पे ठेवावेत, असा माझा आग्रह असतो: एक मोठा, ज्याला मंजुरी लागेल, आणि एक लहान, जो तालुक्याच्या पातळीवर पुढच्या महिन्यात होऊ शकेल. आमची अंगणवाडी यायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. पण सेविकेच्या भेटी सात आठवड्यांत सुरू झाल्या, आणि मोठ्या मंजुरीची वाट पाहत बसलो असतो तर त्या दोन पावसाळ्यांत मुलांना काहीच मिळाले नसते.

२. कोणते टेबल कुणाचे, हे आधी समजून घ्या

एकाच मुलाच्या आरोग्याचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत, आणि चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज बहुतेक वेळा पुढे पाठवला जात नाही, तिथेच पडून राहतो.

अंगणवाडी, तिथला आहार, वजन-उंची आणि वाढीच्या नोंदी हे एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे काम आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेली ही योजना आपल्याकडे महिला व बालविकास विभागाखाली चालते. ग्रामीण भागात तिची उतरंड अशी: सेविका, पर्यवेक्षिका, तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी, जिल्हा परिषदेत महिला व बालविकासाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी आणि त्यांच्यावर राज्याचे आयुक्तालय. लसीकरण, आशाताईंचे काम, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येते, तर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. हा शेवटचा फरक नवख्या माणसाला ठाऊक नसतो आणि नेमका तोच आडवा येतो. पाड्यावरचे मूल तीव्र कुपोषित निघाले, तर त्याला गावातच जादा आहार देणारे ग्राम बालविकास केंद्र एका खात्याचे असते, पुढे रुग्णालयातल्या ज्या पोषण पुनर्वसन केंद्रात ते दाखल होते ते दुसऱ्याचे, आणि दोहोंच्या मधली गाडी कधी कधी कुणाचीच नसते.

आदिवासी क्षेत्रात आणखी एक टेबल असते: एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी. २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार आणि मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी मिळतात. त्याचा पैसा आदिवासी विकास विभागाचा आणि अंमलबजावणी अंगणवाडीची. तेव्हा "अंडी येत नाहीत" अशी तक्रार आली, तर पैसा आला नाही की पैसा येऊन वाटप झाले नाही, हे आधी विचारा, कारण या दोन प्रश्नांची उत्तरे दोन वेगळ्या कार्यालयांत असतात.

शहरांत हे चित्र निराळे आहे: महापालिकेचे आरोग्याधिकारी, वॉर्डातले दवाखाने आणि नागरी बालविकास प्रकल्प. अंगणवाडीसाठी भाड्याची खोली मिळणे ही तिथली मोठी अडचण असते. तिथे काम करायचे असेल तर वॉर्ड कार्यालयापासून सुरुवात करा. पुढील बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतात.

३. आपल्या बाजूने कोणता नियम आहे, ते शोधा

अधिकाऱ्यासमोर "आमच्यावर दया करा" अशा सुरात गेलात की निर्णय त्याच्या मर्जीवर जातो. नियमाचा क्रमांक लिहिलेला अर्ज मात्र त्याला फाईलवर घ्यावा लागतो.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ हा पहिला आधार. त्याच्या कलम ५ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून वयानुरूप आहार मोफत मिळण्याचा हक्क आहे. कलम ४ गरोदर व स्तनदा मातांविषयी आहे आणि कलम ६ कुपोषित मुले शोधून त्यांना आहार देण्याविषयी. पूरक आहारातून मुलाला दररोज ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने आणि कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे त्याची मूळ दुसरी अनुसूची सांगत होती; २०२३ मध्ये ती बदलली, म्हणून अर्जात सध्याचे प्रमाण पाहूनच लिहा.

दुसरा आधार न्यायालयाचा. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या अन्नहक्काच्या याचिकेत १३ डिसेंबर २००६ रोजी झालेल्या आदेशानुसार, ज्या ग्रामीण वस्तीत किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तेथील लोकांना मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळण्याचा हक्क आहे. आमच्या पाड्याची ४७ ही संख्या हा आदेश वाचल्यावरच मोलाची ठरली. तोपर्यंत ती माझ्या वहीतली नुसती मोजणी होती. ती याचिका पुढे निकाली निघाली असल्यामुळे अर्जात या आदेशासोबत २०१३ च्या कायद्याचे कलमही लिहावे. प्रत्यक्षात तीन महिन्यांत अंगणवाडी मिळेल, या भरवशावर मात्र राहू नका. नव्या अंगणवाड्यांची मंजुरी केंद्र सरकारकडून येते, आणि राज्याच्या हातात बहुतेक वेळा कमी पटाचे केंद्र हलवणे एवढेच असते.

तिसरा आधार शासन निर्णयांचा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ते विभागवार मिळतात आणि प्रत्येकावर एक लांबलचक संकेतांक असतो. अर्जात निर्णयाचा दिनांक आणि हा संकेतांक दोन्ही लिहा. त्याआधी तो निर्णय नंतरच्या एखाद्या निर्णयाने बदलला नाही ना, हे पाहून घ्या. रद्द झालेल्या निर्णयाचा आधार घेतलेला अर्ज पहिल्याच भेटीत बाजूला पडतो, आणि दुसऱ्या भेटीत लोक आपल्याकडे त्याच नजरेने पाहतात.

४. पुरावा गोळा करा: सावकाश, आणि मुलाचा मान राखून

या पायरीवर घाई करू नका. पुरावा कच्चा राहिला तर पुढच्या कुठल्याही पायरीवर तो सावरून घेता येत नाही.

लागणारी साधने आणि कागद असे:
– घरनिहाय यादी: मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव, अंगणवाडीत नोंद आहे की नाही, गेल्या महिन्यात किती दिवस आहार मिळाला.
– जन्मतारखेसाठी माता-बाल संरक्षण कार्ड, ते नसल्यास जन्मदाखला.
– दंडघेर मोजण्याची पट्टी.
– वस्तीचा हाती काढलेला नकाशा, त्यात अंतरे, नाले आणि पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटा.
– पालकांच्या संमतीच्या सह्या किंवा अंगठे.
– तारीखवार नोंदवही, जी एकाच व्यक्तीकडे राहील.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित समजतात, ज्याला बोलीत सॅम म्हणतात, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे मॅम. उंचीच्या मानाने वजन किती, यावरूनही ही वर्गवारी होते, आणि दोन्ही पायांवर सूज असेल तर मोजमापाची वाट न पाहता मूल डॉक्टरकडे न्यायचे असते. तुमचे मोजमाप हे निदान नव्हे. त्यावरून आशाताईंना आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून घ्यायचे असते.

एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. एका अंगणवाडीत आम्ही वजने पाहत होतो. वहीत एकही तीव्र कुपोषित मूल नव्हते, पण समोर बसलेल्या दोन मुलांच्या फासळ्या मोजता येत होत्या. सोबतच्या एका आजीबाईंनी घरून मिठाची एक किलोची न फोडलेली पुडी आणली आणि काट्यावर ठेवली. काट्याने एक किलो तीनशे ग्रॅम दाखवले. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वजनात तीनशे ग्रॅम भर पडत होती, आणि आठ-नऊ किलोच्या मुलाला तेवढ्यानेच वरच्या रकान्यात बसता येते. सेविका हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, मी दोन वर्षं लिहून देतेय, पण नवा काटा येईना." आम्ही त्यांच्या जुन्या मागणीपत्राची प्रत घेतली, पुडीसकट काट्याचा फोटो काढला आणि तालुक्यातील सगळे काटे तपासावेत अशी स्वतंत्र मागणी केली. तेव्हापासून मोजणीला निघताना मी मिठाची पुडी सोबत ठेवते, आणि तुम्हीही ठेवावी.

आकडे वाचतानाही असेच सावध राहावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी (वयाच्या मानाने उंची कमी), २५.६ टक्के लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) आणि ३६.१ टक्के कमी वजनाची होती. अंगणवाडीच्या मासिक अहवालातील टक्का यापेक्षा पुष्कळ कमी दिसतो, कारण तिथे फक्त मोजलेली मुले येतात. राज्याच्या अर्भकमृत्युदराचेही, म्हणजे एक वर्षाच्या आतील मृत्यूंच्या दराचेही, असेच आहे: नमुना नोंदणी पद्धतीचा २०२० चा आकडा हजार जिवंत जन्मांमागे १६ आहे, तर कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा सुमारे २३, कारण सर्वेक्षण आधीच्या पाच वर्षांचा काळ धरते. यांतला सोयीचा आकडा उचलू नका. जो वापराल त्याचे नाव आणि वर्ष लिहा. समोरचा अधिकारी दुसरा आकडा पुढे करील तेव्हा फरक का आहे हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

मोजणीचा महिनाही महत्त्वाचा असतो. डिसेंबरात पाड्यावर गेलात तर ऊसतोडीला आणि वीटभट्टीला गेलेल्या घरांतली मुले यादीतच येणार नाहीत, आणि बहुधा सर्वांत अशक्त मुले तीच असतात. आम्ही जून आणि ऑक्टोबर असे दोन वेळा मोजतो.

आणि मुलांच्या फोटोंविषयी. हाडे वर आलेल्या उघड्या मुलाचा फोटो काढू नका आणि कुणी मागितला तरी देऊ नका. ते मूल पुढे शाळेत जाणार आहे, त्याच गावात मोठे होणार आहे. निवेदनात मुलांना क्रमांक द्या. नावांची यादी फक्त उपचार करणाऱ्या यंत्रणेकडे, बंद पाकिटात द्या.

५. सेविकेला आरोपी करू नका

मानधनावर काम करणारी सेविका मोबाईलवर पोषण ट्रॅकर हे नोंदींचे अ‍ॅप भरते, आहार वाटते, वजने घेते, सर्वेक्षणांना जाते आणि गावाच्या रोषाला सर्वांत आधी तीच सामोरी जाते. तुमच्या अर्जानंतर कारणे दाखवा नोटीस तिच्याच हाती पडली आणि व्यवस्थेत काहीच बदलले नाही, तर मुलांचे नुकसान होते आणि गावातील तुमचे दारही बंद होते. म्हणून अर्ज देण्याआधी तिला भेटा, तो वाचून दाखवा आणि तिच्या अडचणी मागण्यांत घ्या. मात्र कामावर असलेल्या सेविकेची किंवा आशाताईंची सही निवेदनावर घेऊ नका. तिने सांगितलेले तिच्या नावाशिवाय लिहा.

६. ग्रामसभेचा ठराव मिळवा

व्यक्तीचा अर्ज हा एका माणसाचे म्हणणे असतो. ग्रामसभेचा ठराव हे गावाचे म्हणणे असते, आणि कार्यालयांत हा फरक पडतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे रूढ दिवस. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. बालआरोग्याचा विषय आधी तिथे मांडा, कारण नाल्यावरून मूल कडेवर घेऊन कोण जाते हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

विषय सभेच्या आधीच ग्रामसेवकांना, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांना, लेखी द्या आणि पोच घ्या, नाहीतर तो "आयत्या वेळच्या विषयांत" जातो आणि तोवर लोक उठलेले असतात. ठरावाचा मसुदा स्वतः लिहून न्या: सूचक, अनुमोदक, मुलांची संख्या, अंतर, मागणी आणि ठरावाची प्रत कुणाकुणाला पाठवायची ते. सभा संपल्यावर ठराव इतिवृत्तात लिहिला गेला आहे हे त्याच दिवशी पाहा. एका सभेत आमचा ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला आणि तीन आठवड्यांनी प्रत मागितली तेव्हा इतिवृत्तात "आरोग्यविषयक चर्चा झाली" एवढेच होते. पुन्हा ग्रामसभा येईपर्यंत थांबावे लागले.

ग्रामसभेत पैशाचाही विषय काढा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी असते. पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी स्वशासनाच्या कायद्याखाली येणाऱ्या, गावांना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, थेट मिळतो आणि आरोग्यावरचा खर्च त्यात बसतो. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिलाही थोडा अबंध निधी येतो. काटा, पाण्याची टाकी, छताची गळती ही कामे यातून होऊ शकतात, आणि अशा कामांसाठी जिल्ह्याकडे गेलात तर तुमच्या मोठ्या मागणीचे वजन कमी होते.

७. माहितीचा अधिकार नेमका वापरा

माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्जाला १० रुपयांचे शुल्क आहे, जे कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ते माफ आहे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा, असा नियम आहे. उत्तरासाठी ३० दिवस, आणि प्रश्न व्यक्तीच्या जीविताचा असेल तर ४८ तास. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. साध्या अर्जाला ही सोय नाही.

अर्जात "का" विचारू नका. कारणे सांगणे त्यांच्यावर बंधनकारक नसते. कागद मागा. "एप्रिल ते सप्टेंबर या काळातील प्रकल्पाचे मासिक प्रगती अहवाल, पुरवठ्याच्या पावत्या आणि रिक्त पदांचा तक्ता यांच्या प्रती द्याव्यात" असे लिहिले की उत्तर होकारार्थी किंवा नकारार्थी येते, गोलमाल येत नाही. त्याहून चांगला मार्ग म्हणजे अभिलेख पाहण्याची मागणी करणे. फाईल समोर आली की आपण न मागितलेला, पण नेमका हवा असलेला कागद दिसतो. आमच्या पाड्याचा प्रस्ताव सहा वर्षांपूर्वीच कुणीतरी पाठवला होता आणि लोकसंख्येचा दाखला जोडलेला नाही म्हणून तो परत आला होता, हे मला असेच कळले.

८. तालुका आणि जिल्हा: पोच, पाठपुरावा आणि वेळापत्रक

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. भेटीत साहेब किंवा मॅडम "बघतो, करून टाकू" म्हणाले, तर त्याच दिवशी "आजच्या भेटीत आपण अमुक आश्वासन दिले, त्याबद्दल आभार" असे पत्र आवकला द्या. तोंडी आश्वासन बदलीबरोबर जाते, आवक झालेले पत्र फाईलमध्ये राहते. आणि बदल्या होतातच.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे वैयक्तिक तक्रारी घेतल्या जातात, आणि त्यासाठी अर्ज आधी, ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. धोरणाचा विषय म्हणून मांडलात तर तो स्वीकारला जाणार नाही. एका कुटुंबाला आहार मिळत नाही अशी तक्रार स्वीकारली जाते. आदिवासी भागात १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आढावा बैठक होते, आणि आरोग्य, बालविकास व आदिवासी विकास ही तिन्ही खाती तिथे एकत्र बसलेली असतात. दोन खात्यांच्या मधोमध अडकलेला प्रश्न, उदाहरणार्थ पोषण पुनर्वसन केंद्रात राहणाऱ्या आईची न मिळालेली बुडीत मजुरी (रोज बुडाल्याची भरपाई), तिथेच सुटतो. बैठकीच्या आठवडाभर आधी आपले एका पानाचे टिपण तिथे पोहोचेल अशी व्यवस्था करा.

पैशाच्या मागणीला ऋतू असतो. खात्यांचे पुढील वर्षाचे अंदाज दिवाळीच्या आगेमागे तयार होऊ लागतात, जिल्हा नियोजन समितीचा आराखडा हिवाळ्यात ठरतो आणि राज्याचा अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास मांडला जातो. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी ३ टक्के निधी राखीव आहे. त्यातून काय घ्यायचे हे ठरत असताना तुमचा कागद टेबलावर हवा. मार्चमध्ये दिलेल्या मागणीला "पुढच्या वर्षी पाहू" हे उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते.

९. आमदारांकडे जाताना प्रश्न लिहून न्या

विधिमंडळाची अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशने मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन नागपुरात होते. आमदारांच्या हातात तारांकित प्रश्न (ज्याचे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा अशी आयुधे असतात. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करणे उपयोगाचे नाही. प्रश्नाचा मसुदा त्याच साच्यात लिहून न्या: "अमुक तालुक्यात तीन महिन्यांत वजनकाटे नादुरुस्त आढळले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती चौकशी केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय?" सोबत तुमच्या पुराव्याचे एक पान जोडा. आमदारांचे स्वीय सहायक रोज असंख्य निवेदने हाताळतात, आणि साच्यात बसणारा मसुदा तेच पुढे नेतात. एकाच पक्षाच्या आमदारांकडे जाऊ नका, आणि निवडणुकीच्या महिन्यांत कुणाच्याच व्यासपीठावर जाऊ नका. मुलांचा प्रश्न एकदा एका झेंड्याखाली गेला की दुसऱ्या बाजूचे सगळे दरवाजे मिटतात.

उत्तर "हे खरे नाही" असे आले तरी खचू नका. सभागृहात दिलेले उत्तर ही सरकारची लेखी भूमिका असते, आणि ते तुमच्या कागदांशी जुळत नसेल तर तिथून पुढचा पाठपुरावा करता येतो.

१०. एकट्याने वाहू नका

जन आरोग्य अभियान, अन्न अधिकार अभियान यांसारखी व्यासपीठे या विषयात अनेक वर्षे काम करत आहेत. महाराष्ट्रात २००७ पासून पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यातून गावाने सेवांचे गुणपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे, ही पद्धत रुजली. जनसुनवाई घ्यायची असेल तर बोलणाऱ्या आयांची आधी तयारी करून घ्या आणि अधिकाऱ्यांना प्रश्न आठवडाभर आधी लेखी कळवा. बेसावध गाठून त्यांना निरुत्तर करता येते, पण निर्णय मिळत नाही.

न्यायालय हा मार्ग आहे, पण तो लांबचा आहे. मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकापासून मुंबई उच्च न्यायालयासमोर आहे आणि त्याच्या सुनावण्या वर्षानुवर्षे चालल्या. त्यातून डॉक्टरांच्या नेमणुका, भेटी, अहवाल असे बरेच काही मिळाले, मात्र त्यामागे गावोगावच्या नोंदी ठेवणारी माणसे होती. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते. याचिकेचा विचार करण्याआधी तिथे जाऊन या.

आणि वेळेचा अंदाज मनाशी पक्का ठेवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि आशाताईंनी घरोघरी नवजात बाळांना भेटी देण्याचा कार्यक्रम देशभर आला तो २०११ मध्ये. इतका भक्कम पुरावा असूनही बारा वर्षे लागली. आज तुमच्या घरी बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई दारात येतात, तेव्हा त्या एका जिल्ह्यातल्या वह्यांमधून चालत आलेल्या असतात.

११. मंजुरीनंतरचे सहा महिने

मंजुरीचे पत्र आले की गावात पेढे वाटले जातात आणि बहुतेक गट तिथेच विखुरतात. सर्वांत जास्त गळती याच टप्प्यावर होते: पद मंजूर होते पण भरती होत नाही, केंद्र सुरू होते पण आहाराचा पुरवठा जुन्याच पटावर येत राहतो, आणि मुलांची नावे पोषण ट्रॅकरवर जुन्या अंगणवाडीतच राहतात. शेवटची गोष्ट आमच्याकडे घडली. नव्या अंगणवाडीत पहिले पाच आठवडे ४७ मुलांपैकी फक्त १९ जणांचा आहार आला, कारण उरलेली मुले कागदावर नाल्यापलीकडेच होती. म्हणून मंजुरीपत्र हाती येताच तीन तारखा वहीत लिहा: सेविका रुजू होण्याची, नावे हस्तांतरित होण्याची आणि पहिल्या पूर्ण पुरवठ्याची. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिकेला पत्र द्या. केंद्र उघडेल त्या सकाळी पहिले मूल काट्यावर बसण्याआधी तिथे पोहोचा आणि मिठाची पुडी ठेवून पाहा.